उजवा कान ट्रान्सफॉर्मरसाठी

एका माणसाची नोकरी ज्या चिमूटभर वायूवर अवलंबून होती, तो वायू मी हवेत सोडून दिला. पितळेचा छोटा कॉक होता. मी तो उघडला, फुस्स झालं, आणि खाली उतरून मी वहीत लिहिलं, ‘हवा निघाली.’ सगळ्याला दोन मिनिटं लागली असतील. माझ्या हातून इतक्या थोड्या वेळात इतकं पुरं झालेलं दुसरं काम मला आठवत नाही.

तो माणूस म्हणजे आमच्या सबस्टेशनचा सगळ्यात जुना ऑपरेटर. महागावच्या पुढे, फुलसावंगीकडे जाताना, काळ्या रानात नजर पोचेल तिथवर पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तिच्या मधोमध तारेच्या कुंपणात आमचं एकशेबत्तीस केव्हीचं सबस्टेशन. लांबून येणाऱ्या दोन मोठ्या लाइनी, एक राखाडी रंगाचा घराएवढा ट्रान्सफॉर्मर, खाली गिट्टी, आणि एका बाजूला कंट्रोल रूम. मी पुण्याकडून तिथे इंजिनिअर म्हणून गेलो तेव्हा माझं वय पंचविशीच्या आत होतं आणि त्यांची नोकरी जवळजवळ माझ्या वयाची होती. हुद्द्यानं मी साहेब. बाकी कशानंच नव्हतो, हे कळायला मला वेळ लागला आणि त्यांना अजिबात लागला नाही.

त्यांच्या उजव्या कानात कायम कापसाचा बोळा असे. पहिल्याच दिवशी मी काळजीनं विचारलं, “काका, कान दुखतो का?”

“नाई जी. तो कान मान्साईसाठी नाई हाये.”

“मग?”

त्यांनी हनुवटीनं खिडकीबाहेर दाखवलं. “त्याच्यासाठी. मान्साईचं बोलनं ऐकूऐकू कान बोथट होते. म्हून एक राखून ठेवला.”

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते फोनसुद्धा डाव्या कानानं घेत. लग्नात बँड सुरू झाला की पंगत सोडून बाहेर जाऊन उभे राहत. त्यांच्या बायकोनं मला पुढे एकदा चहा देताना सांगितलं, “लग्नाले तीस वर्सं झाले साहेब, माह्यं बोलनं अजून डाव्याच कानात जाऊन राह्यलं.”

ड्यूटीवर आले की ते बोळा काढून खिशात ठेवत आणि खुर्ची पॅनलकडे पाठ करून मांडत. मीटरांकडे पाठ करून बसणारा ऑपरेटर मी तोवर पाहिला नव्हता. तसं बोललो तर म्हणाले, “मीटर झोपते साहेब. आवाज झोपत नाई.” दर तासाला मात्र उठून सगळी रीडिंगं घेत, आणि लॉगशीटवर सागाच्या गोल रुळानं रेघा आखत. मग तोच रूळ घेऊन बाहेर जात. त्याचं एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला टेकवायचं, दुसरं उजव्या कानाला, आणि डोळे मिटून उभं राहायचं. भर उन्हात, घामानं खाकी सदरा पाठीला चिकटलेला, आणि हा माणूस लोखंडाला कान लावून उभा. लांबून पाहिलं तर कुणीतरी भिंतीपलीकडचं भांडण ऐकतंय असं वाटे.

“सासरा आन् ट्रान्सफार्मर सारखेच,” ते म्हणत. “एका सुरात कुरकुरतात तवर घोर नाई. सूर बदलला का उठून उभं राहावं.”

बाकीचा स्टाफ त्यांना मागून ‘बुवा’ म्हणायचा. त्याची त्यांना भयंकर चीड होती. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते आणि पोराला एकच गोष्ट शिकवली होती: जे दिसते ते लिहून ठेव, जे दिसत नाई ते बी लिहून ठेव, पन वेगवेगळ्या वहीत. म्हणून त्यांच्याकडे दोन वह्या होत्या. एक खात्याची, आणि एक निळ्या पुठ्ठ्याची स्वतःची.

निळ्या वहीत काय होतं हे सांगायचं तर आधी होकायंत्र सांगायला हवं. ट्रान्सफॉर्मरच्या ज्या टोकाला न्यूट्रल म्हणतात तिथून एक जाड तांब्याची पट्टी खाली जमिनीत जाते. त्या पट्टीला त्यांनी काळ्या टेपनं एक शाळकरी होकायंत्र बांधून ठेवलं होतं. आमची वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलते, त्यामुळे ती सुईला ओढू शकत नाही, सुई नुसती शहारल्यासारखी थरथरते. ती वळली, तर पट्टीतून एकाच दिशेनं काहीतरी वाहतंय. आणि तसं काही वाहायचं कारणच नव्हतं.

चौकीदार शेजारच्या तांड्यावरचा होता. तो त्या होकायंत्रासमोर दर शनिवारी लिंबू ठेवायचा. काका ते उचलून मुकाट्यानं डब्यातल्या वरणावर पिळायचे. “पोट बिघडन,” चौकीदार घाबरून म्हणायचा. “बिघडलं त लिहून ठेवीन,” हे म्हणायचे.

मी काय केलं? एका जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि पट्टीच्या मागे चिकटवून दिलं. सुई गर्रकन फिरून बसली. मी दोन दिवस खिडकीतून पाहत खुदखुदत होतो आणि ते येऊन-जाऊन गंभीरपणे नोंदी करत होते. तिसऱ्या दिवशी लोहचुंबक माझ्या टेबलावर, फायलींवर वजन म्हणून ठेवलेलं. पुढे एकदा ती वही माझ्या हातात आली तेव्हा पाहिलं. तारीख, वेळ, सुई किती वळली, आवाज कसा होता, आणि शेवटच्या रकान्यात ‘कारण’. बहुतेक ओळींपुढे लिहिलं होतं, ‘माहीत नाही.’ त्या दोन दिवसांपुढे लिहिलं होतं, ‘साहेब.’

एका उन्हाळ्यात, ऐन दुपारी, त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि रूळ हातात दिला. “ऐका.”

मी ऐकलं. ट्रान्सफॉर्मरची नेहमीची घुमघुम. झोपेत ऐकली तरी ओळखू येईल अशी. मी रूळ परत करणार तेवढ्यात त्या घुमघुमीच्या खाली दुसरं काहीतरी सुरू झालं. जाड, ओबडधोबड, जसं कुणी तोंड न उघडता बोलायचा प्रयत्न करतंय. ते हळूहळू चढलं, मिनिटभर राहिलं आणि तसंच हळूहळू उतरलं. मग पुन्हा. त्याला लय होती. दम लागलेल्या माणसाच्या श्वासासारखी, पण फार मोठ्या माणसाच्या.

मी रूळ कानापासून काढला. सगळीकडे पांढरं ऊन, एकही माणूस नाही, पऱ्हाटीच्या रिकाम्या रानात वाऱ्याची फिरकीसुद्धा नाही. खाली पट्टीजवळ सुई पश्चिमेकडे कलली होती. आत आवाज उतरला तशी ती सावकाश उत्तरेला आली. आवाज चढला, पुन्हा कलली.

“लोड वाढला असेल,” मी म्हणालो.

“नाई वाढला. पाहून आलो.”

“मग हे काय आहे?”

“मले काय मालूम. पन खालून येऊन राह्यलं,” ते शांतपणे म्हणाले आणि निळी वही काढली.

त्यानंतर मी काही दिवस तिथून जाताना थोडा लांबून जात असे. कुणी पाहिलं तर बूट गिट्टीनं खराब होतात असं सांगत असे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. कापसाचं नाव निघालं की बोलणं तुटायचं आणि माणसं विडी शोधायला लागायची. हंगाम आला की महागावच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यासमोर बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागत. माणसं तीन-तीन दिवस गाडीखाली झोपत, आज काटा होईल, उद्या होईल म्हणत. भाव रोज खाली. वीज गेली की जिनिंग बंद, काटा बंद, आणि रांग जागच्या जागी. म्हणून हंगामात वरून आम्हाला एकच हुकूम असे, काहीही होवो, वीज जाता कामा नये.

त्या वर्षी दिवाळी होऊन तीन-चार दिवस झाले होते. दुपार उतरत होती. काकांचा ट्रान्झिस्टर कंट्रोल रूमच्या खिडकीत लावलेला असे. शॉर्टवेव्हवर कुठल्या तरी लांबच्या देशातल्या बातम्या, ज्या त्यांना समजत नसत, पण बातम्यांसाठी तो लावलेलाच नव्हता. त्या दिवशी साडेचार-पावणेपाचला बोलता बोलता त्यातला माणूस बुडाला. खरखर नाही, शिट्टी नाही. नुसतं काही नाही. मी बटणं फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं जग गप्प होतं.

“सेल संपले,” मी म्हणालो.

“सेल परवा टाकले.” ते खिडकीतून पश्चिमेच्या सूर्याकडे, हात आडवा धरून, पाहत होते. “हे दिवसाच होते, साहेब. सूर्य वर असला का. आजवर इतक्या खेपा झालं, एकदाही सूर्य बुडल्यावर नाई झालं. आन् रेडिओ मुका झाला, का एक दिवसानं, नाईतर दोन दिवसानं, हे बोलते.” त्यांनी ट्रान्सफॉर्मरकडे मान हलवली.

“म्हणजे सूर्य?”

“मी काई म्हनलं नाई. लिहून ठेवलं.”

अर्ध्या तासानं रेडिओतला माणूस परत आला आणि जणू काही झालंच नाही असा बोलू लागला. मी हसलो. हसणं थोडं लवकर संपलं.

दुसऱ्या दिवशी, दुपारचे बारा वाजायला थोडे कमी असताना, ते लॉगशीटवर रेघ आखत होते. रूळ अर्ध्यातच थांबला. “आलं,” ते म्हणाले आणि उठले.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. दार उघडलं आणि आलं. या खेपेला रूळ लागला नाही. ट्रान्सफॉर्मर गुरगुरत होता. दगड भरलेलं पिंप कुणीतरी जमिनीखालून फरफटत नेतंय असा आवाज. तो चढला की गिट्टीचे खडे बुटाखाली कुरकुरत, उतरला की दूरच्या पऱ्हाटीत वेचणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू येई. त्या बायाही मधूनच थांबून इकडे पाहत होत्या. तारांवर बसणारे कावळे नव्हते. होकायंत्राची सुई पश्चिमेला पार आडवी झाली, परत फिरली, पलीकडे पूर्वेला गेली. नाही, नाही अशी मान हलवल्यासारखी.

मी आत पळालो आणि मीटर पाहिले. सगळं ठीक. लोड रोजचा. तेलाचं तापमान रोजचं. पुस्तकाप्रमाणे काहीही घडत नव्हतं. तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज होऊन व्होल्टेज सावरणारी कॅपॅसिटर बँक आपोआप सुटली आणि कंट्रोल रूममधला पंखा दमल्यासारखा हळू झाला.

“इथं हात लावा,” काका बाहेरून ओरडले. त्यांनी तळवा टाकीच्या पश्चिमेकडच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर धरला होता. मी लावला आणि झटक्यानं काढला. शेजारी वीतभर अंतरावर टाकी नेहमीसारखी कोमट. तेवढीच एक जागा तव्यासारखी. रंगाचा करपट वास येत होता.

“साहेब, लोड काढतो.”

“थांबा, वर विचारतो.”

मी फोन केला. पलीकडच्या साहेबांनी विचारलं, मीटर काय म्हणतात? मी म्हणालो, काहीच म्हणत नाहीत. मग तुम्ही काय म्हणताय, ते म्हणाले. हंगाम आहे. बंद करायचं नाही.

मी फोन ठेवला आणि घंटा वाजली.

ही घंटा फार क्वचित वाजते. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात, तेलात, कुठे काही जळलं की बुडबुडे निघतात. ते वर जाऊन पाइपातल्या एका डबीत साठतात. पुरेसे साठले की घंटा होते. त्या डबीचं नाव बुकोल्झ. नाव कुणा जर्मन माणसाचं, पण आमचा चौकीदारसुद्धा ते दचकून घेतो.

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते पॅनलपाशी गेले, दोन्ही हातांनी स्विच फिरवला आणि ट्रान्सफॉर्मर बंद केला.

त्या गुरगुरण्याला मी जेवढा घाबरलो नव्हतो तेवढा त्यानंतरच्या शांततेला घाबरलो. तो आवाज तिथे इतकी वर्षं होता की तो आवाज आहे हेच आम्ही विसरलो होतो. तो गेला आणि सगळं रान एकदम जवळ आलं. माझं रक्त कानात वाजत होतं. सुई उत्तरेला स्थिर उभी होती, शाळेत नव्या आलेल्या पोरासारखी, निरागस.

मग फोन सुरू झाले. जिनिंगवाले, तालुक्याचे पुढारी, वरचे साहेब, त्यांच्या वरचे साहेब. तासाभरात दोन ट्रॅक्टर भरून माणसं फाटकाशी आली. रांगेत तीन दिवस बसलेली माणसं. त्यांच्या पुढे, सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा, काकांचा सख्खा साळा होता.

“भाऊजी, माही गाडी काट्यावर चढलीती! चढलीती! काहून बंद केलं?”

काका फाटकाकडे निघाले. जाता जाता मला म्हणाले, “साहेब, वर चढा. डबीतला गॅस बाटलीत घ्या आन् काडी लावून पाहा. पेटला त आत जळलं, यवतमाळवून टेस्टिंगवाले येतपर्यंत हात लावाचा नाई. नाई पेटला त हवा हाये, मंग लावून टाका. पन काडी लावल्याबिगर लिहू नका.”

याहून सोपं कुणी काय सांगणार? मी वर चढलो. बाटली, रबरी नळी आणि टेस्टची काडेपेटी स्टोअरमध्ये होती, ते काही मी आणलं नव्हतं. म्हटलं, कॉकच्या तोंडाशीच काडी ओढू, तेवढं पुरे. एक काडेपेटी माझ्या खिशातही होती. आणि इथे माझं शौर्य संपलं. मी चोरून सिगारेट ओढत असे. आमच्याकडे आवारात काडेपेटी बाळगणाऱ्याला मीच दोनदा मेमो दिला होता. फाटकाशी पन्नास माणसं, खाली चौकीदार मान वर करून उभा, आणि साहेबाच्या खिशातून काडेपेटी निघते, हे चित्र मला दिसलं. मी कॉक उघडला. फुस्स. उग्र, करपट, डोळ्यांत पाणी आणणारा वास आला. मी नाक पुसलं, खाली आलो आणि लिहिलं, ‘हवा निघाली.’

दोन वाजता ट्रान्सफॉर्मर सुरू केला. मनातल्या मनात मी तीन पावलं मागे उभा होतो. पण तो एका सुरात, गोड घुमू लागला. संकट ज्या वाटेनं आलं त्या वाटेनं निघून गेलं होतं. फाटकाबाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. मी हात वर केला, हेही सांगून टाकतो.

आठ दिवसांत काकांना निलंबनाचं पत्र आलं. वरिष्ठांचा नकार असताना, ट्रान्सफॉर्मरमध्ये कोणताही दोष नसताना (पाहा नोंद, ‘हवा निघाली’), ऐन हंगामात पुरवठा बंद केला. त्यांच्या नोकरीचं दीड वर्ष उरलं होतं.

मी त्यांच्याकडे गेलो आणि काडेपेटीची गोष्ट सांगून टाकली. त्यांनी डाव्या कानानं ती सगळी ऐकली. मग म्हणाले, “वास आलता?”

“आला होता.”

“कसा?”

“केस जळल्यासारखा.”

त्यांनी निळी वही काढून ते लिहिलं. “चौकशीत तुमाले बोलावतीन. तुमी तीनच गोष्टी सांगा. आवाज बदलला. घंटा वाजली. गॅसले मी काडी लावली नाई. बस. नियमाच्या पुस्तकात लिहिलं हाये, आवाज बदलला आन् घंटा वाजली त ऑपरेटरनं बंद करावं. त्याच्यात मी सुटतो. सूर्य काढू नका.”

“नाही काढणार.”

“साहेब, सूर्याचं नाव घेऊ नका. ते खरं असन, पन कामाचं नाई.”

मी शपथ घेतली. आणि मग माझ्यातला विद्वान जागा झाला. पश्चात्ताप झालेल्या माणसाला तीन वाक्यं पुरत नाहीत. मी यवतमाळला जाऊन वाचनालयात दोन दिवस बसलो. एका इंग्रजी मासिकात सापडलं. सूर्यावर मोठा भडका उडतो तेव्हा त्याचा प्रकाश आठ मिनिटांत येतो आणि उजेडाच्या बाजूचे रेडिओ मुके करतो. मागून एक लोट येतो, त्याला दिवस-दोन दिवस लागतात. तो पृथ्वीच्या चुंबकत्वाला धडकतो, ते हलतं, आणि ते हललं की जमिनीत प्रवाह सुटतात. लांब लाइनी त्यांना वाट देतात, आणि ते न्यूट्रलच्या पट्टीतून ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतात. एकाच दिशेचा प्रवाह. त्यानं ट्रान्सफॉर्मरचं लोखंड चुंबकत्वानं तुंबतं, मग ते गुरगुरतं, भलत्याच जागी तापतं आणि आतलं तेल भाजतं. उत्तरेकडच्या एका बर्फाळ मुलखात तर त्यानं अख्खा प्रांत अंधारात गेला होता. आपल्याकडे विषुववृत्त जवळ म्हणून हे फारसं होत नाही, असंही त्यात होतं. ती ओळ मी वाचली नाही. म्हणजे वाचली, पण ती आपल्यासाठी नाही असं ठरवलं.

मासिक बंद केलं तेव्हा मला निळी वही आठवली. एक माणूस एका होकायंत्रानं, एका रेडिओनं आणि सागाच्या रुळानं, पऱ्हाटीच्या मधोमध बसून, हे सगळं टिपून ‘कारण’च्या रकान्यात ‘माहीत नाही’ लिहून मोकळा झाला होता.

चौकशीला नागपूरहून एक अधिकारी आले होते. सभ्य, थकलेले, जेवायची वेळ झालेले. काकांनी आपलं चार वाक्यांत सांगितलं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि नियमांचं पुस्तक पुढे ओढलं. मला वाटतं, ते त्या पानावर आलेही होते.

मग मला विचारलं, “तुम्हाला काही सांगायचंय?”

मी उभा राहिलो आणि सूर्यापासून सुरुवात केली. फळ्यावर आकृती काढली. बाण काढले. वीस मिनिटं बोललो. टाइप करणाऱ्या बाईंनी मध्येच बोटं उचलून मांडीवर ठेवली. काका खाली मान घालून आपल्या पायांकडे पाहत होते.

“म्हणजे,” अधिकारी हळूच म्हणाले, “यांनी सूर्यामुळे ट्रान्सफॉर्मर बंद केला?”

“होय सर! त्यांना आदल्या दिवशीच माहीत होतं!”

“आदल्या दिवशी?”

“रेडिओ गप्प झाला ना सर. त्यांच्याकडे वही आहे.” आणि मी वही काढली. होय, मीच ती त्यांच्याकडून ‘वाचायला’ म्हणून मागून आणली होती. अधिकाऱ्यांनी ती मधूनच उघडली. ‘कारण: माहीत नाही. कारण: माहीत नाही. कारण: साहेब. कारण: साहेब.’ त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी दया आली.

“आणि गॅस?”

“सर, मी काडी लावली नाही. खिशात होती, पण लावली नाही.”

“नोंद तर हवा अशी आहे. तुमचीच आहे ना?”

“माझीच.”

निकाल दोन ओळींचा होता. ऑपरेटरची मनःस्थिती कंट्रोल रूमसाठी योग्य राहिलेली नाही. सक्तीनं निवृत्त करावं.

पुढच्या उन्हाळ्यात बुकोल्झची घंटा पुन्हा वाजली, आणि या खेपेला मी पन्नास माणसांदेखत काडी ओढली. निळसर ज्योत भक्कन उभी राहिली. ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवर चढवून यवतमाळजवळ लोहाऱ्यातल्या एका दुरुस्ती कारखान्यात नेला. टाकी उघडली तेव्हा मी तिथे होतो. आत तांब्याच्या वेटोळ्यांवर गुंडाळलेला कागद एका बाजूनं करपलेल्या भाकरीसारखा झालेला. म्हातारा फिटर म्हणाला, “हे आत्ताचं नाई जी. जुनं दुखनं हाये. आधी भाजलं, मंग हळूहळू पसरलं.” मग त्यानं टाकीची आतली भिंत पुसली. आमच्याकडे पश्चिमेला असायची त्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, एक काळा डाग होता. तळव्याएवढा. मी बाहेरच्या बाजूनं त्या जागी हात नेला आणि टेकवायच्या आधीच मागे घेतला. लोखंड अर्थातच गार होतं. बरेच दिवस गार होतं.

त्या कागदाचा एक तुकडा रुमालात बांधून मी त्यांच्या गावी गेलो. ते घरी नव्हते. बायको म्हणाली, हापशीवर असतीन, रोज तिथंच बसतात, आणि कपाळाला हात लावून माझ्याबरोबर आली. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या हापशीला कान लावून ते बसले होते. बोळा नव्हता. उन्हात सावली पायाखाली गोळा झालेली.

“ऐकू येतं?” मी विचारलं.

“काई नाई.”

“मग रोज कशाला येता?”

“नाई आलं, हे बी लिहावं लागते ना.”

मी रुमाल सोडला. त्यांनी कागद नाकाशी धरला, हलकेच चुरगळला, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर डोळे मिटून हसले. मला इतकं भरून आलं की मी म्हणालो, “काका, आपण पुन्हा चौकशी लावू. मी अर्ज लिहितो. मी साक्ष देतो. सगळं मुळापासून समजावून सांगतो.”

त्यांच्या बायकोनं पदर खोचला.

“नोका साहेब. आता काई समजावू नोका. तुमी घंटा वाजली त्या दिवशी आन् चौकशीच्या दिवशी, दोनी दिवशी सुट्टीवर असते, त ह्यायची नोकरी वाचली असती.”